पाचाचा काटा, दोनाचा छापा

३ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. खुशाली विचारू नका. हातात कात्री आणि डोक्यात राग असताना लिहिते आहे.

तुमच्या भावाला पुन्हा एक नाणं सापडलंय. "पुन्हा" हा शब्द मुद्दाम लिहिलाय. कपाटाचे सगळे कप्पे त्यांच्या डब्यांनी भरलेत आणि गिऱ्हाइकांचे दुरुस्तीला आलेले कपडे मी खुर्चीच्या पाठीवर टाकते. परवा एका वकीलबाईंच्या काळ्या कोटावर मांजर झोपलं. केस काढता काढता माझी सकाळ गेली, आणि हे शेजारी बसून भिंगातून नाणं बघत होते. पायसुद्धा बाजूला घेतले नाहीत.

हे नाणं कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत सापडलं. नोकरी संपली तरी तिथली नाणं टाकून चालणारी मशीनं हेच दुरुस्त करतात. एका मशीनची पेटी उघडली, नाणी ओतली, आणि मालकाला म्हणाले, "यातलं एक मी घेतो, बदल्यात हे माझं ठेवा." मालकाला काय, पाचाला पाच. हो म्हणाला.

तर एका बाजूला आहे पाचाच्या नाण्याचा काटा, म्हणजे तो मोठा पाचाचा आकडा. उलटं केलं की तिथे जहाज असायला हवं. जहाज नाही. दोनाच्या नाण्यावर असतं ते गव्हाचं कणीस आहे. टांकसाळीत कोणीतरी एका नाण्याच्या ठशासमोर दुसऱ्याच नाण्याचा ठसा बसवला, असं ह्यांचं म्हणणं. अशा नाण्याला खेचर म्हणतात म्हणे, बाप एका जातीचा आणि आई दुसऱ्या जातीची. मी म्हटलं, घरात आधीचं एक आहे तेवढं मला पुरे.

ते म्हणतात, "बारकीला विचार. ती लिलावगृहात दुसरं करते काय?" मी म्हटलं, तुम्हीच लिहा. तर तोंड फिरवलं. तुम्ही जेवताना पाहुण्यांसमोर त्यांच्या नाण्याला भंगार म्हणालात त्याला अकरा वर्षं झाली, पण ह्यांच्या लेखी ते जेवण अजून चालूच आहे.

फोटो सोबत आहे. बल्ब एका हातात धरून ह्यांनीच काढला. जे असेल ते लवकर कळवा, म्हणजे मला माझी खुर्ची तरी मिळेल.

तुमची वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र मिळालं, फोटो मिळाला, आणि मी आधी ग्लासभर पाणी प्यायले.

मागच्या वर्षभरात दादाने तुमच्या हातून जी नाणी पाठवली त्यातलं एकही टांकसाळीत चुकलेलं नव्हतं. एक रेल्वेच्या चाकाखाली गेलं होतं. एक कोणीतरी पकडीत धरून चेपलं होतं. ज्याचा रंग "दुर्मिळ धातूचा" होता ते फरशी धुवायच्या ॲसिडात पडलेलं होतं. टांकसाळीत झालेली चूक वेगळी आणि बाहेर येऊन झालेली नासधूस वेगळी, हे मी त्याला सांगून सांगून थकले. पहिलीला किंमत असते, दुसरीला नुसती कहाणी असते. दादाला कहाणी पुरते, हाच तर त्रास आहे.

आता हे खेचर. माझ्या टेबलावर महिन्याला अशी दोन-तीन येतात, आणि मी या खुर्चीवर बसल्यापासून एकही खरं निघालेलं नाही. जादूचे प्रयोग करणाऱ्यांसाठी ती बनवून मिळतात. एक नाणं लेथवर आतून कोरायचं, डबीसारखं. दुसरं नाणं घासून लहान करायचं आणि त्या डबीत ठोकून बसवायचं. दोन्ही बाजू खऱ्या, नाणं खोटं. फक्त कडेच्या आतल्या अंगाला जोड राहतो. तुमच्या फोटोत कणसाच्या बाजूला कडेच्या आत एक काळी गोल रेघ दिसते आहे. तो जोड. म्हणजे खोटं आहे.

तरीही, हे फोटोवरून म्हणते आहे. फोटोवरून नाण्याचा निकाल देऊ नये हे मीच सगळ्यांना सांगत असते. म्हणून दादाला सांगा, नाणं रजिस्टरने माझ्याकडे पाठव. पुसू नको, घासू नको, चमकवायला काही लावू नको. मी वजन करून, भिंगाखाली धरून पक्कं काय ते कळवीन. पण हवेत इमले बांधू नको म्हणावं.

मांजराला कपाटात जागा करून द्या. त्याला तरी कपाटाचा उपयोग कळेल.

तुमची नणंद


२ मार्च

वन्सं,

नमस्कार. तुमचा निरोप ह्यांना सांगितला. "बरं," म्हणाले.

मला वाटलं आता आठवडाभर धुसफूस ऐकावी लागणार. तसं काहीच झालं नाही. शनिवारी बघते तर हे कपाटातून डबे काढताहेत. लॉन्ड्रीतली कपड्यांची ढकलगाडी मागून आणली होती. सगळे डबे, पाकिटं, नळ्या तिच्यात रचल्या आणि मागच्या रस्त्यावरच्या जुन्या सामानाच्या दुकानात नेऊन विकून आले. मी विचारलं, "ते खेचरसुद्धा?" म्हणाले, "सगळं. एकूण एक."

कपाट पुसून घेतलंय. कप्प्यांना नवा कागद लावलाय. वीस वर्षांत पहिल्यांदा मला कपाटाची मागची फळी दिसली. तुमचे आभार कसे मानू तेच कळत नाही.

तुमची वहिनी


९ मार्च

वहिनी,

आभार नका मानू. मला काही समजलेलं नाही.

मी नाणं पाठव म्हटलं, तर त्याने ते विकून टाकलं? हे कसलं उत्तर? लहानपणीही असंच होतं. पतंग कापला गेला की उरलेला मांजा स्वतःच तोडून टाकायचा, वर म्हणायचा, मला खेळायचंच नव्हतं. माझ्या हातून खोटं ठरण्यापेक्षा न दाखवलेलं बरं, असा हिशेब केला असणार. एक डबी पोस्टात टाकायची होती. त्याच्या अहंकाराला रजिस्टरचं तिकीट जड झालं.

जाऊ दे. मी यापुढे त्याच्या नाण्यांबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. कपाटाबद्दल अभिनंदन.

तुमची नणंद


२१ मे

वन्सं,

मध्ये पत्र लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. आता तक्रार आहे म्हणून लिहिते.

तुमचे भाऊ दिवसभर घरात असतात. लॉन्ड्रीचा मालक दोनदा येऊन गेला. एक मशीन पाणीच सोडत नाही म्हणाला. हे म्हणाले, "दुसरा कोणी बघा." नंतर दुसऱ्या कोणीतरी ते मशीन आणखी बिघडवलं. ह्यांना ते कळलं, तरी उठले नाहीत.

घरात बसून काय करतात? माझी बटणं लावून ठेवतात. आधी रंगाप्रमाणे लावली, मग मोडून भोकांप्रमाणे. आता मला पांढरं बटण हवं असेल तर आधी विचार करावा लागतो, दोन भोकांचं की चार. मी शिवायला बसले की मागे उभे राहून बघतात. टाक्याला नावं ठेवतील तर बरं, तेही नाही. नुसते उभे. काल मी इतकी वैतागले की हातातली टेप फेकली. ओरडले. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि टेप उचलून गुंडाळून दिली.

वन्सं, इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला "बरोबर आहे तुझं" म्हटलेलं मला आठवत नाही. मला भीती वाटायला लागली आहे.

कपाट निम्मं रिकामंच आहे. कपडे मी अजून खुर्चीवरच टाकते. का ते विचारू नका, मलाच ठाऊक नाही.

तुम्ही त्यांना एक ओळ लिहा. नाण्याची नको, कसलीही. शिवी दिलीत तरी चालेल.

तुमची वहिनी


४ जून

वहिनी,

हे पत्र दादासमोर वाचू नका. स्वयंपाकघरात जा, दार लोटा आणि मग वाचा.

तुमच्या पत्राला उत्तर लिहायला मी दोनदा बसले. "दादा, आता पुरे कर" याच्यापुढे लेखणी हलेना. तेवढ्यात सोमवारी जुन्या सामानाचा एक दुकानदार आमच्याकडे आला. दोन गाड्या बदलून आला होता, घामाने निथळत होता. त्याने खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि माझ्यासमोर एक नाणं ठेवलं. एका बाजूला पाच. दुसऱ्या बाजूला कणीस. कणसाच्या देठाजवळ तिरपा ओरखडा.

तुमचा फोटो माझ्या खणातच होता. काढून शेजारी ठेवला. तोच ओरखडा.

मी त्याला बसा म्हटलं. भिंगाखाली धरून जोड शोधत कडेवरून दोनदा फिरले. जोड नाही. वजन केलं, पाचाच्या नाण्याचं असतं तेच, अगदी बरोबर. बोटाच्या टोकावर तोलून टिचकी मारली तर लांबवर वाजत राहिलं. जोडलेलं नाणं ठक्क करून गप्प होतं.

आणि ती काळी रेघ? दोनाचं नाणं पाचाच्या नाण्याहून किंचित लहान असतं, म्हणून त्याचा ठसाही लहान. तो पाचाच्या चकतीवर पडला की भोवती पायरीसारखी रुंद कड उरणारच. दादाने बल्ब एका बाजूला धरला होता. त्या पायरीची सावली पडली आणि मी तिला जोड म्हणाले. खऱ्या खेचराची जी खूण, तीच मी खोटेपणाची खूण म्हणून तुम्हाला लिहून पाठवली.

दुकानदाराला विचारलं, कुठे मिळालं. म्हणाला, "एक चिडका माणूस लॉन्ड्रीच्या गाडीतून डबे घेऊन आला. घासाघीससुद्धा केली नाही, देईन ते घेऊन गेला."

किंमत तुम्ही विचारालच. तुमच्या घरावर एक मजला चढेल, एवढंच सांगते.

मला कोणाचा राग येतोय तेच कळत नाही. माझा येतोय, तो तर आहेच. पण दादाचाही येतोय. मी स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं, नाणं पाठव म्हणून. एकदा, फक्त एकदा त्याने माझं ऐकलं असतं. का नाही पाठवलं त्याने?

तुमची नणंद


८ जून

वन्सं,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे. त्यांनी पाठवलं नाही, कारण पाठव म्हणून त्यांना कोणी सांगितलंच नाही.

तुमचं फेब्रुवारीतलं पत्र आलं तेव्हा हे दारातच उभे होते. मी मशीनवर होते, मांडीवर एकाची पँट, खुर्चीवर तिघांचे कोट. "काय म्हणाली?" मी म्हटलं, "खोटं आहे म्हणाली." वन्सं, मी खोटं बोलले नाही, तुम्ही तसं लिहिलंच होतंत. पुढचं सांगायला तोंड उघडलं, आणि डोळ्यांसमोर आलं, आता पुन्हा डबी शोधा, कापूस शोधा, पोस्टात रांग लावा, मग पंधरा दिवस ह्यांचं खिडकीत उभं राहणं. मिटलं तोंड. म्हटलं, नाहीतरी खोटंच आहे. "बरं," म्हणाले आणि आत गेले. मी पँटची शिवण पुरी केली.

तुम्ही मार्चमध्ये त्यांना अहंकारी म्हणालात तेही मी वाचलं, आणि गप्प बसले. आता बोला काय बोलायचं ते.

पण बोलण्याआधी माझं एक ऐका. तो दुकानदार तुम्हाला विचारायलाच आलाय ना? त्याला सांगा खोटं आहे. एकदा म्हणालाच आहात, पुन्हा म्हणा. तो ते रुमालात बांधून परत आणील, आणि मी दुसऱ्याच दिवशी जाऊन चार सुट्ट्या नाण्यांत उचलून आणीन. मग पुढच्या वर्षी तुम्ही म्हणा, नीट पाहिलं, खरं निघालं. कोणाचं काय जातंय? आमचंच होतं ते. ह्यांच्यासाठी म्हणतेय मी, मजल्यासाठी नाही. मजल्यासाठीही म्हणतेय, पण आधी ह्यांच्यासाठी.

उलट टपाली कळवा.

तुमची वहिनी


१३ जून

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी पालथं घातलं आणि थोडा वेळ दुसरंच काम केलं. म्हणून हे जरा सभ्य भाषेत लिहिलं जातंय.

पहिल्यांदा मी खोटं म्हटलं ती चूक. दुसऱ्यांदा म्हटलं तर ती चोरी. उन्हातून दोन गाड्या बदलून आलेल्या माणसाला मी तोंडावर लुबाडायचं, आणि मग त्याच खुर्चीवर बसून उद्या दुसऱ्याला सांगायचं, विश्वास ठेवा माझ्यावर? तुम्ही गिऱ्हाइकाच्या कोटात राहिलेली अंगठीसुद्धा घरी नेऊन देता, मी पाहिलंय. मग मला हे कसं सुचवता?

आता तुमच्यावर इतकी ओरडले आहे तर हेही सांगते. तुमचं पत्र यायच्या आधी ते माझ्याही मनात येऊन गेलं होतं. दुकानदाराने विचारलं, "काय वाटतं, बाई?" तेव्हा "जादूगाराचं आहे" हे शब्द जिभेवर तयार होते. इतक्या वेळा म्हटलेत की आपोआप येतात. मी उठून साहेबांच्या खोलीत गेले आणि सांगितलं, हे नाणं माझ्या भावाला सापडलेलं आहे, माझ्या चुकीने त्याच्या हातून गेलं, म्हणून याची किंमत मी ठरवणार नाही. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "आणि तुमच्या भावाने ते तुमच्याकडे आणलं नाही?" नाणं त्यांनी बाहेरच्या तपासणीला पाठवलं. काल अहवाल आला. खरं आहे. सप्टेंबरच्या लिलावात जाईल.

तुम्ही निम्माच निरोप दिलात याचा राग आहे. पण तोही निम्माच. मी ते पत्र असल्या आवाजात लिहिलं होतं की पुढचं कोणीच ऐकलं नसतं.

दादाला तुम्ही सांगा. एक आठवडा वाट बघते. नाहीतर मी तिथे येऊन सांगेन, आणि मी आले की काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे.

तुमची नणंद


२४ जून

बारके,

हिने सांगितलं. भाजी चिरता चिरता सांगितलं आणि चिडली. स्वतःवर चिडली तरी ओरडते माझ्यावरच, त्यामुळे सुरुवातीला मला वाटलं, मी काहीतरी केलंय.

तुझी पत्रं मागून घेतली आणि सगळी वाचली. फेब्रुवारीचंही वाचलं. तू लिहिलंयस, "वजन अगदी बरोबर." अगदी बरोबर हे वजन नव्हे. किती भरलं ते आकड्यात लिही. दुसरं म्हणजे, नाणं उभं धरून फिरवलं तर कणीस सरळ येतं की डोकं खाली? मी घाईत पाहिलं नव्हतं. तिसरं, कणसाच्या तिसऱ्या दाण्याजवळ मला बारीक उठाव दिसला होता. ठशाला तडा गेला असेल तर तिथे असा उठाव येतो. बघ आणि कळव.

हिच्यावर रागावू नकोस. ती म्हणते तिने निम्मं सांगितलं. खरं आहे, पण मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. आणखी काय लिहिलंय, एवढं विचारता आलं असतं. नाही विचारलं. तू खोटं म्हणालीस म्हटल्यावर मी ते पुन्हा भिंगाखाली धरलंसुद्धा नाही. नाणं माझ्या हातात होतं. जोड नाही हे मला तेव्हाच दिसलं होतं. तरी मला वाटलं, बारकी म्हणते म्हणजे असणार. इतकी वर्षं तुझ्याशी बोललो नाही, आणि माझ्या डोळ्यांपेक्षा तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला. मग त्याचाच संताप आला आणि सगळं नेऊन विकलं. राग नाण्यांवर नव्हता.

नाणं दुकानदाराचं आहे. मी विकलं, त्याने घेतलं. हिला ते पटत नाही. त्या दुकानापाशी आली की ती रस्ता ओलांडून पलीकडून जाते. जाऊ दे. तुझ्या जागी तू बरोबर केलंस. तू दुसरं काही केलं असतंस तर ते नाणं मला घरात ठेववलं नसतं.

लिलावाच्या छापील सूचीत त्याच्याबद्दल काय लिहिणार आहेस? जे असेल ते नीट लिही. घाई करू नकोस.

दादा

ता. क. लिलावाआधी नाणी बघायला ठेवतात म्हणे. ते फक्त घेणाऱ्यांना बघता येतं, की कोणालाही?


१२ सप्टेंबर

वहिनी,

दादा उद्याच्या गाडीने निघतो आहे. हे पत्र त्याच्यामागून पोचेल, पण तो घरी येऊन "झाला लिलाव" याच्यापुढे काही सांगणार नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणून लिहिते.

पाहणीच्या दिवशी तो दार उघडायच्या आधीच येऊन उभा होता. तुम्ही इस्त्री केलेला शर्ट, हातात स्वतःचं भिंग. आमचा माणूस म्हणाला, इथलं भिंग वापरा. दादा म्हणाला, मला ह्यातूनच दिसतं. दोघांचं इतकं वाजलं की साहेब बाहेर आले. मी टेबलाखाली तोंड घालून बसले. शेवटी साहेबांनीच त्याला खुर्ची दिली आणि नाणं पुढ्यात ठेवलं.

मग तो बसला, तो उठेना. मागे तीन खरेदीदार ताटकळत उभे. एकजण घड्याळ दाखवायला लागला. मी जवळ जाऊन म्हटलं, "दादा, लोक थांबलेत." म्हणाला, "मी पण थांबलो होतो." कणसाच्या तिसऱ्या दाण्याजवळचा उठाव त्याने पुन्हा शोधला. मी त्याला सांगितलं, तो तडा नव्हता, साबणाचा कण होता, तपासणीत निघून गेला. त्याला ते अजिबात आवडलं नाही. "नक्की?" असं तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा नाणं फिरवून दाखवलं. आवाज चढवला नाही. हे तुम्ही त्याला विचारून खात्री करून घ्या, नाहीतर तुम्हाला पटायचं नाही.

मग सूची उघडून त्याच्यासमोर धरली. नाण्याच्या वर्णनाखाली एक ओळ आहे. कुठे आणि कोणाला सापडलं, ती. दुकानदार त्या ओळीला लगेच कबूल झाला, कारण नाणं कुठून आलं हे छापलं की किंमत चढते. दादाला मी जुलैमध्येच विचारलं होतं, तुझं नाव घालू का. त्याने कळवलं होतं, नाव नको, काम लिही. म्हणून तसंच छापलंय: "कपडे धुण्याच्या मशीनच्या पेटीत, ते मशीन दुरुस्त करणाऱ्याला सापडलेलं. ओळखलेलंही त्यानेच." दुसरं वाक्य माझं आहे. साहेब ते काढायला सांगत होते, सूचीत असं लिहीत नाहीत म्हणून. मी काढलं नाही.

दादाने वाचलं. मग म्हणाला, "'पेटीत' नाही, पेटीच्या खालच्या ट्रेमध्ये." वहिनी, मला त्याचं भिंग फेकून द्यावंसं वाटलं. मग पाहिलं तर त्याने सूचीचं ते पान बोटाने दाबून धरलं होतं, वाऱ्याने उलटू नये म्हणून, आणि खोलीत वारा नव्हता.

लिलावाला तो शेवटच्या रांगेत बसला. आकडा मी लिहीत नाही, तुमचं डोकं फिरेल. तुम्हाला घरावर मजला हवा होता. मला विचाराल तर दोन चढले असते. हातोडी पडली तेव्हा लोक वळून घेणाऱ्याकडे बघत होते. दादा नाण्याकडे बघत होता. दुकानदार येऊन त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ काहीतरी बोलत राहिला. दादा म्हणाला, "नीट जपून दिलंत, घासलं नाहीत, ते बरं केलंत." तुम्ही तिथे असतात तर त्या माणसाचं काही खरं नव्हतं.

तुमच्याबद्दल तो एकच वाक्य बोलला. म्हणाला, "ती कपाट रिकामं ठेवते अजून. म्हणत नाही काही." मी म्हटलं, तूही म्हणत नाहीस काही. तर म्हणाला, "म्हणेन." घरी पोचला की बघा म्हणतो का. काहीच बोलला नाही तर मला कळवा, मी पत्र लिहीन, या वेळी त्याच्याच नावावर.

नंतर आम्ही खालच्या कॅन्टीनमध्ये चहा घ्यायला गेलो. त्याने नोट दिली, काउंटरवाल्याने मूठभर सुटे परत केले. दादाने ते खिशात टाकले नाहीत. काउंटरवरच पसरले, खिशातून भिंग काढलं, आणि एकेक नाणं उचलायला लागला. आधी छापा, मग काटा, मग कड. जेवणाची सुट्टी झालेली, मागे रांग दारापर्यंत गेलेली. मी म्हटलं, "दादा, बाजूला हो." म्हणाला, "थांब." काउंटरवाल्याने कपाळाला हात लावला. मागे कोणीतरी ट्रे आपटला. माझ्या पाठीमागची बाई पुढे वाकून जरा जोरातच म्हणाली, "हे तुमच्याबरोबर आहेत का?"

"हो," मी म्हटलं, "माझा थोरला भाऊ आहे." आणि निम्मी नाणी माझ्याकडे ओढून घेतली, म्हणजे लवकर उरकेल.

बारकी